श्रवणयंत्र दिले, पुढे काय?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 कर्णबधिर मुलांना शिकविण्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. त्या निमित्ताने नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावे मी पायाखाली घातली. आज मला दिलेला विषय आहे ‘कर्णबधिरांसाठी संवादाची आधुनिक साधने’. या विषयावर बोलताना नवनवीन यंत्रांची नावे सांगून टाळ्या मिळविणे सोपे आहे. परंतु पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या संस्थेसमोर उभे राहून केवळ गोड बोलावे, हे मला उचित वाटत नाही. म्हणून सुरुवात एका पेटीपासून करते.

औसा तालुक्यातील एका खेड्यात पाच-सहा वर्षांच्या एका मुलीच्या घरी मी गेले होते. एका धर्मादाय शिबिरात तिला श्रवणयंत्र मिळाल्याची नोंद माझ्याजवळ होती. मुलीच्या कानात मात्र काहीच नव्हते. मी विचारल्यावर तिच्या आईने पेटी उघडली. ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीतून रुमालात गुंडाळलेले ते यंत्र काढून तिने माझ्या हातावर ठेवले. सोबत शिबिरात काढलेले छायाचित्रही होते. ती म्हणाली, “लई महागाचं हाय म्हने, बाई. लेकरानं पाडलं तर? म्हून जपून ठिवलंय.” त्या माउलीने देणगीचा अनादर केला नव्हता. उलट देवघरातील वस्तूसारखी ती जपली होती. परंतु आठ महिने ते यंत्र त्या पेटीत होते, आणि आठ महिने ती मुलगी नि:शब्द होती.

अधिक विचारपूस केल्यावर उलगडा झाला. यंत्र कानात घातले की शिट्टीसारखा आवाज येई आणि मुलगी ते काढून फेकी. दोन आठवड्यांत सेल संपला. तसा सेल गावच्या दुकानात मिळत नव्हता. लातूरला जायचे तर दोघांचे बसभाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडणार होती. शिबिर कोणत्या संस्थेचे होते, ते येथे महत्त्वाचे नाही. अशी पेटी मला अनेक घरांत आढळली. म्हणूनच माझ्या भाषणाचे शीर्षक मी ‘श्रवणयंत्र दिले, पुढे काय?’ असे ठेवले आहे.

बहिरेपणाचे माप

प्रथम थोडी मूलभूत माहिती सांगते. आवाजाची पातळी आपण डेसिबल या एककात मोजतो. आपले नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबलची श्रवणहानी असलेली व्यक्ती ‘कर्णबधिर’ आणि ६० ते ७० डेसिबलची हानी असलेली व्यक्ती ‘ऐकण्यास कमी येणारी’ मानली जाते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७० हजार होती.

‘मूकबधिर’ हा शब्द आपल्या जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजूनही दिसतो. तो आता टाळावा, अशी माझी विनंती आहे. बहुतेक कर्णबधिर मुलांचा कंठ, जीभ आणि ओठ पूर्णतः निरोगी असतात. ती बोलत नाहीत, कारण बोलणे म्हणजे काय, हे त्यांच्या कानी कधी पडलेलेच नसते. आपण सारे मराठी ऐकत ऐकत शिकलो. व्याकरण पुढे शाळेत आले. ज्याच्या कानी भाषा पडली नाही, त्याला ती दुसऱ्या वाटेने द्यावी लागते. आणि ती फार लवकर द्यावी लागते, कारण भाषा आत्मसात करण्याची मेंदूची तत्परता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. यासाठीच तज्ज्ञांनी एक-तीन-सहा असा नियम सांगितला आहे: पहिल्या महिन्यात बाळाच्या श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराचा प्रारंभ. आपल्याकडे मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत ‘बोलेल उशिरा, याचा बापही उशिरा बोलला होता’ असे म्हणत वेळ जातो. त्या वाया गेलेल्या वर्षांची भरपाई करणारे यंत्र अद्याप जगात निघालेले नाही.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

चष्मा लावला की दिसते, तसे यंत्र लावले की ऐकू येते, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. श्रवणयंत्रात ध्वनी टिपणारा मायक्रोफोन, ध्वनी वाढविणारा भाग आणि तो कानात सोडणारा रिसीव्हर असे तीन प्रमुख भाग असतात. पूर्वी खिशात ठेवायचे आणि वायरने कानाला जोडायचे यंत्र मिळे. आता कानामागे बसणारी डिजिटल यंत्रे सर्रास मिळतात, आणि ती प्रत्येकाच्या श्रवणालेखाप्रमाणे जुळवून घेता येतात. परंतु यंत्र आवाज वाढविते, अर्थ वाढवीत नाही. आईच्या हाकेबरोबर ते पंख्याची घरघर, पत्र्यावरचा पाऊस आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाजही वाढविते. त्या गोंगाटातून भाषा वेगळी काढायला मुलाला महिनोन्महिने शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट कानाच्या साच्याची, ज्याला सर्वजण मोल्ड म्हणतात. प्रत्येक कानाचे माप घेऊन तो करावा लागतो. तो सैल असला की यंत्रातून निघालेला आवाज बाहेर गळतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. औशाच्या त्या मुलीच्या यंत्राचा दोष एवढाच होता. लहान मुलाचा कान वाढत असतो, त्यामुळे त्याचा मोल्ड काही महिन्यांनी बदलावा लागतो. तिसरी गोष्ट सेलची. झिंक-एअर जातीच्या सेलवर एक चिकटपट्टी असते. ती काढताच हवा आत जाऊन सेल चालू होतो. पुन्हा पट्टी लावून तो फारसा वाचविता येत नाही. चौथी गोष्ट आपल्या हवामानाची. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो. कानामागच्या घामाने आणि पुढे पावसाळी ओलाव्याने यंत्र बिघडते. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवले, तर त्याचे आयुष्य वाढते. ही डबी अत्यंत स्वस्त असते. परंतु तिच्याविषयी आईला कुणी सांगितलेले नसते.

ज्यांना प्रभावी यंत्राचाही लाभ होत नाही, अशा काही बालकांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रॅमी क्लार्क यांचे वडील कमी ऐकणारे होते. त्या अनुभवातून प्रेरणा घेऊन त्यांनी अंतःकर्णातील शंखाकृती भागात विद्युत-संवेदक तारा बसविण्याचे संशोधन केले, आणि १९७८ मध्ये मेलबर्न येथे त्यांच्या बहुवाहिनी इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया झाली. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ च्या सुधारणेनंतर पात्र बालकांना यासाठी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामी मध्यवर्ती आहे. अली यावर जंग हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. एकेकाळी हैदराबाद संस्थानात असलेल्या आपल्या मराठवाड्याला हे नाव परके नाही. परंतु शस्त्रक्रिया ही येथेही केवळ सुरुवात असते. त्यानंतर एक-दोन वर्षे नियमित श्रवण-वाचा प्रशिक्षण झाले नाही, तर लाखो रुपयांचे ते यंत्र मुलाला नुसता गोंगाट ऐकवीत राहते.

पाय, बाय आणि माय

आता आपण म्हणाल, ऐकू आले नाही तर मुले ओठ वाचून समजून घेतात. घेतात, पण किती? कृपया आरशासमोर आवाज न करता तीन शब्द उच्चारून पाहा: पाय, बाय, माय. ओठांची हालचाल तिन्हींना एकच आहे. क, ख, ग यांसारखे वर्ण तर घशात उमटतात. ते ओठांवर दिसतच नाहीत. ओठ वाचणारे मूल निम्म्याहून अधिक शब्द तर्काने भरून काढत असते.

आणखी एक अडचण खास आपल्या मराठीची आहे. ‘रामाने रावणाला मारले’ या वाक्यात कुणी कुणाला मारले, हे ‘ने’ आणि ‘ला’ या दोन चिमुकल्या प्रत्ययांवर ठरते. बोलताना आपण हे प्रत्यय हळू आणि झरकन उच्चारतो. कमी ऐकणाऱ्या मुलाला राम कळतो, रावण कळतो, मारणे कळते. नेमके नाते कळत नाही. त्यामुळे त्याची मराठी लिहिताना तुटक होते आणि लोक त्याला मंदबुद्धी समजतात. माझ्या एका विद्यार्थ्याने सुट्टीच्या अर्जात ‘आई ताप मी घर जातो’ असे लिहिले होते. ते वाचून कार्यालयात हशा झाला. त्या मुलाच्या बुद्धीत काही उणे नव्हते. प्रत्यय त्याच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते.

म्हणून सांकेतिक भाषेचा आग्रह धरावा लागतो. ती म्हणजे मनात येतील तसे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे, आणि त्यात हातांइतकाच चेहऱ्याचा वाटा असतो. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या परिषदेने शाळांतून ही भाषा हद्दपार करून केवळ मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला, आणि त्याचे परिणाम जगभरच्या कर्णबधिरांनी अनेक दशके भोगले. आपल्याकडेही संकेत करणाऱ्या मुलांचे हात बांधून ठेवावेत, असे मानणारे शिक्षक मी पाहिले आहेत. प्रामाणिकपणे सांगते, सुरुवातीच्या काळात मीही हात खाली ठेवण्याचा आग्रह धरला आहे. आज त्याचा पश्चात्ताप होतो. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये ३ हजार शब्दांचा दृश्य शब्दकोश काढला, आणि २०२१ पर्यंत तो १० हजार शब्दांचा झाला. यंत्र आणि संकेत यांत वैर नाही. मुलाला दोन्ही मिळावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

गीता नांदेडला आली होती

भाषेवाचून काय घडते, याचे उदाहरण आपल्याच भूमीत घडले आहे. गीता हे नाव आपण सर्वांनी वृत्तपत्रांत वाचले असेल. सात-आठ वर्षांची, बोलू-ऐकू न शकणारी ही भारतीय मुलगी लाहोर स्थानकावर समझौता एक्स्प्रेसमध्ये पाकिस्तानी रेंजर्सना एकटी सापडली. कराचीच्या ईधी फाउंडेशनने तिचा सांभाळ केला. बिल्किस ईधी यांनी तिला गीता हे नाव दिले. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या प्रयत्नांनी २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती मायदेशी परतली. परंतु घर कुठे, हे तिला सांगता येईना. अनेक कुटुंबांनी तिच्यावर हक्क सांगितला, पण ओळख काही पटेना.

इंदूरमध्ये ती सांकेतिक भाषा शिकत गेली, तसतशी तिच्या आठवणींना वाचा फुटली. घराजवळ नदी, रेल्वे स्थानक, देऊळ, आणि शिवारात ऊस व भुईमूग. सांकेतिक भाषेचे जाणकार ज्ञानेंद्र पुरोहित यांनी या खुणा जुळवीत तिला डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नांदेडला आणले. पुढे शोध बासर आणि परभणीकडे गेला. आपल्या नांदेडहून परभणीमार्गे अमृतसरला सचखंड एक्स्प्रेस जाते. त्या गाडीने ती चिमुरडी अमृतसरला आणि तेथून सीमेपलीकडे गेली असावी, असा तर्क त्यामागे होता. मार्च २०२१ मध्ये मराठवाड्यातील एका मातेने तिला आपली मुलगी म्हणून ओळखल्याचे आणि तिचे मूळ नाव राधा असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तोवर तिच्या जन्मदात्याचे निधन झालेले होते.

बंधुभगिनींनो, आपण सर्वांनी थोडे थांबून विचार करावा. त्या मुलीच्या मनात नदी होती, देऊळ होते, शेत होते. सारे काही लख्ख होते. उणीव होती ती सर्वांना समजेल अशा भाषेची, आणि तिचे हात वाचू शकणाऱ्या माणसाची. ती आगगाडीत बसली त्या दिवशी तिच्या कानात जगातील सर्वोत्तम यंत्र असते, तरी भाषेवाचून तिला गावाचे नाव सांगता आले नसते.

दूरध्वनीपासून हातातल्या फोनपर्यंत

साधनांचा इतिहासही हेच सांगतो. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला फार कमी ऐकू येई, आणि त्याची पत्नी मेबल लहानपणीच्या आजाराने बहिरी झाली होती. १८७६ मध्ये त्याने जे साधन जगाला दिले, ते मात्र त्याच्या घरातील या दोघींच्याच उपयोगाचे नव्हते. सुमारे नव्वद वर्षांनी, १९६४ मध्ये, रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टंकलिखित मजकूर दूरध्वनीच्या तारेवरून पाठविण्याची युक्ती शोधली. ज्याची गरज, त्यालाच उपाय सुचला.

आपल्याकडे ती यंत्रे फारशी आलीच नाहीत. आपल्या मुलांना पहिला खरा दिलासा मिळाला तो मोबाइलच्या लघुसंदेशाने. कर्णबधिरांसाठी मुद्दाम न केलेले हे साधन त्यांनी सर्वांआधी आपलेसे केले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलणे शक्य झाले. २०१९ मध्ये गुगलने ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ हे ॲप आणले. समोरचा माणूस बोलतो, तसतसे शब्द फोनच्या पडद्यावर उमटतात, मराठीतही उमटतात. ते घडविणाऱ्या संशोधकांत दिमित्री कानेव्हस्की हे स्वतः कर्णबधिर आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दूरदृश्य प्रणालीद्वारे दुभाषकाच्या साहाय्याने हजर झाल्या, हेही आपण वाचले असेल.

परंतु या साधनांनाही मर्यादा आहेत. आपली लातुरी बोली, दोघांचे एकदम बोलणे आणि बाजाराचा गोंगाट यांपुढे ते ॲप अडखळते. शिवाय पडद्यावरचे शब्द वाचण्यासाठी मराठी वाचता आली पाहिजे, आणि प्रत्ययांची अडचण मी आताच सांगितली. व्हिडिओ कॉलचेही तसेच आहे. हदगाव तालुक्यातील एक मुलगा वसतिगृहात राहत असे. मित्रांत तो अखंड हातांनी बोले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला की त्याच्याशी बोलणारे कुणी नसे. घरी फोन आला, तेव्हा तो व्हिडिओ कॉल करू लागला. इकडे तो संकेत करी आणि तिकडे आई नुसती पाहत राही आणि डोळे पुसी. यंत्राने आईचा चेहरा आणून दिला. भाषा आणून दिली नाही.

पुढे त्या आईने धाकट्या मुलीच्या मदतीने फोनवरच्या शब्दकोशातील चित्रफिती पाहून रोज थोडे थोडे संकेत शिकण्यास प्रारंभ केला. चार महिन्यांनी तिने त्याला व्हिडिओवर हातांनी विचारले, “जेवलास का?” मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्याने शेजारच्या मुलांना ओढून आणले आणि आईला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. तो दिवस मी विसरू शकत नाही. त्या वर्षी आमच्या शाळेत त्याहून मोठे तांत्रिक यश दुसरे आले नाही.

संकटाची सूचना कुणाला मिळते?

लातूरमध्ये बोलताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून कसे चालेल? ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे गाडली गेली. ढिगाऱ्यावरून लोक हाका मारत होते. आतून ओ आली की तेथे खणत होते. ज्याला हाक ऐकू येत नाही, तो ओ कसा देणार, हा प्रश्न त्या वेळी आपणा कुणाच्या मनात आला नव्हता. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के नांदेडकरांनाही जाणवले. तेव्हा मला पुन्हा तोच प्रश्न पडला.

२०२३ मध्ये शासनाने आपत्तीच्या सूचना थेट मोबाइलवर पाठविण्याची चाचणी घेतली. फोन मोठ्याने वाजला, थरथरला आणि मजकूर पडद्यावर आला. आपल्यापैकी अनेकांना तो उपद्रव वाटला असेल. परंतु थरथर आणि मजकूर ही कर्णबधिरांची हाकच आहे. उशीखाली ठेवायचे कंप पावणारे घड्याळ, दाराची घंटा दाबताच लागणारा दिवा, बाळ रडले की चमकणारी खूण, ही साधनेही साधीच आहेत. आपल्या रुग्णालयांत, बँकांत आणि बसस्थानकांवर मात्र अजूनही नाव पुकारले जाते. ज्याला ऐकू येत नाही, त्याचा क्रमांक निघून जातो.

ज्येष्ठांचा प्रश्न

हा प्रश्न केवळ मुलांचा नाही. या सभागृहात बसलेल्या अनेक ज्येष्ठांना माझे निम्मेच भाषण ऐकू येत असेल, आणि संकोचाने ते मान डोलावत असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार ज्यांना श्रवणयंत्राचा लाभ होऊ शकतो, त्यांपैकी जगात केवळ १७ टक्के लोक ते वापरतात. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही. कानाच्या मशीनची वाटते. घरात आजोबा हळूहळू गप्प होत जातात आणि आपण म्हणतो, ‘वयानुसार स्वभाव बदलला.’ त्यांच्या समोर, उजेडात, सावकाश बोलावे. ओरडू नये, ओरडण्याने शब्द फाटतात. एवढ्यानेही त्यांचे जग परत उघडते, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

माझी विनंती

आता ट्रस्टला काही नम्र सूचना करते. शंभर यंत्रे वाटण्याचा संकल्प असेल, तर पन्नासच वाटा. उरलेली रक्कम त्याच पन्नास जणांच्या पुढील तीन वर्षांसाठी राखून ठेवा. त्यातून मुलांचे मोल्ड वेळेवर बदलता येतील, सेल पुरविता येतील, ओलावा शोषणारी डबी देता येईल, आणि लातूर-नांदेडला तपासणीसाठी येणाऱ्या आईला बसभाडे व बुडालेली मजुरी देता येईल. अहवालातील आकडा निम्मा होईल, आणि छायाचित्रात माणसे कमी दिसतील, हे मला ठाऊक आहे. पण पेटीतली यंत्रेही कमी होतील.

दुसरे, यंत्रासोबत सांकेतिक भाषेचा वर्ग सुरू करा, आणि तो मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांसाठी, भावंडांसाठी करा. शिकविण्यासाठी कर्णबधिर तरुण-तरुणींनाच मानधनावर नेमा. ती भाषा त्यांची आहे. तिसरे, नवजात बालकांच्या श्रवणचाचणीचा आग्रह धरा. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे कान-नाक-घसा विभाग आहेत. खेड्यातील आईला तेथवर पोहोचविण्यासाठी एक माणूस सोबत द्या. चौथे, आपल्या कार्यक्रमांत व्यासपीठाच्या कडेला एक दुभाषक उभा करा आणि पडद्यावर मजकूर दाखवा. आज तो येथे नाही, आणि माझे हे भाषण ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यापैकी एकालाही ते कळणार नाही.

मराठीत एक शब्द आहे, ‘कानाडोळा’. दुर्लक्ष करणे, असा त्याचा अर्थ. कर्णबधिरांच्या बाबतीत आपण तेच करीत आलो. ते कानाचे काम डोळ्याने करतात; आपल्याला कान आणि डोळे दोन्ही असून आपण कानाडोळा करतो. आपल्या परंपरेत गृहस्थ अनुयायाला ‘श्रावक’ म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. संवाद जुळला नाही की आपण म्हणतो, ‘त्याला ऐकू येत नाही.’ त्याचे म्हणणे आपल्याला ऐकू येत नाही, हे आपल्या लक्षात येत नाही. ऐकण्याचे अर्धे काम आपले आहे.

शेवटी एकच मागणे मागते. पुढच्या शिबिराची तारीख ठरविण्यापूर्वी मागच्या शिबिराची यादी कपाटातून काढा. त्यातील प्रत्येक घरी एकदा जा, आणि यंत्र कुठे आहे, ते विचारा. ते पेटीत असेल, तर आईला दोष देऊ नका. पेटी उघडा, नवा सेल घाला, मोल्ड तपासा आणि दिवसभर तेथे बसा. सुवर्णमहोत्सवाचे याहून चांगले कार्य मला सुचत नाही.